पाण्याखालच्या फोटोग्राफीचं सामान: कॅमेरा सगळ्यात शेवटी निवडा

पाण्याखाली फोटो काढायचं मनात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कॅमेरा कुठला घेऊ?" मला विचाराल तर हा प्रश्न यादीत बराच खाली हवा. पाण्यातले बहुतेक फोटो वाया जातात ते दोन कारणांनी: कॅमेरा आणि मासा यांच्यामध्ये पाणी फार असतं, किंवा उजेड पुरेसा नसतो. महागड्या बॉडीने (म्हणजे लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्याने) यातलं काहीच सुटत नाही.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं आणि प्रकाशातले रंग ते एकेक करून शोषून घेतं. लाल सगळ्यात आधी जातो, पाच-सहा मीटरवरच तो जवळपास संपलेला असतो. मग नारिंगी, मग पिवळा. शेवटी उरतो निळा-हिरवा. ही गळती खोलीपुरती नसते, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. तुमच्यापासून तीन मीटरवरच्या माशाकडून येणारा प्रकाशही तेवढं पाणी कापून येतो आणि वाटेत रंग गमावतो. त्यात तरंगणारे कण आलेच. म्हणून पुढचा प्रत्येक निर्णय घेताना दोनच गोष्टी तपासा: या सामानाने मला विषयाच्या जवळ जाता येईल का, आणि स्वतःचा उजेड सोबत नेता येईल का?

स्कुबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन डुबकी) करणाऱ्यांसाठी आधीच एक सूचना. पाण्यात एका जागी, हात न हलवता, तळाला न टेकता तरंगता येत नसेल, तर कॅमेऱ्याची खरेदी पुढे ढकला. कॅमेरा हातात आला की हवेच्या गेजकडे आणि सोबत्याकडे दुर्लक्ष होतं, आणि पायातले फिन्स प्रवाळावर आपटतात. बॉयन्सी, म्हणजे असं स्थिर तरंगणं, पक्की झाली की तेच पैसे दुप्पट कामी येतात.

१. किती खोल जाणार, ते आधी लिहून काढा

पोहण्याचा तलाव, स्नॉर्केलिंग (नळीतून श्वास घेत पृष्ठभागावर पोहणं) आणि स्कुबा यांची गरज सारखी नसते. दर १० मीटरला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. पृष्ठभागावर एक, १० मीटरवर दोन, ३० मीटरवर चार. प्राथमिक स्कुबा प्रमाणपत्रावर साधारण १८ मीटरपर्यंत जाता येतं, पुढच्या प्रशिक्षणानंतर ३० मीटर, आणि हौशी डायव्हिंगची कमाल मर्यादा ४० मीटर मानली जाते. तुमच्या सामानाची मर्यादा तुमच्या मर्यादेपेक्षा खोल हवी. बरोबरीची असून चालत नाही, कारण निसटलेला कॅमेरा तुमचं प्रमाणपत्र बघून थांबत नाही.

इथला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे 'वॉटरप्रूफ' हा शिक्का. फोनवरचं आयपी६८ हे मानांकन गोड्या, स्थिर पाण्यातल्या चाचणीवर दिलेलं असतं, आणि खोली व वेळ कंपनीच ठरवते. खाऱ्या पाण्याचा, लाटेच्या तडाख्याचा किंवा जुन्या झालेल्या सीलचा त्यात हिशेब नसतो. पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही, हेही बारीक अक्षरांत लिहिलेलं सापडेल. उघडा फोन समुद्रात नेऊ नका.

२. मोठं दृश्य की बारीक जीव, एक निवडा

हा प्रश्न लोक टाळतात, कारण दोन्ही हवं असतं. पण प्रवाळाची भिंत, कासव, बुडालेलं जहाज यांना वाइड-अँगल लागतो, तर न्युडिब्रँक (रंगीत समुद्री गोगलगाय), छोटी कोळंबी, माशाचा डोळा यांना मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून बारीक गोष्ट टिपणारी लेन्स. लेन्स वेगळी, पोर्ट (लेन्ससमोरची काच) वेगळं, दिव्यांची मांडणी वेगळी. कॅमेऱ्यावरची लेन्स पाण्यात बदलता येत नाही (बाहेरून बसणारी वेट लेन्स हा अपवाद, तो पुढे). म्हणजे त्या डाइव्हला कुठलं सामान लावून उतरायचं, हे पाण्यात शिरण्याआधीच ठरलेलं असतं.

सुरुवात मॅक्रोने करा, असं माझं स्पष्ट मत आहे. विषय जवळ असतो, त्यामुळे मधलं पाणी आपोआप कमी होतं. एक छोटा स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश) पुरतो. पाणी थोडं गढूळ असलं तरी फोटो निभावतो. वाइडमध्ये मात्र पाण्याची पारदर्शकता, सूर्याची दिशा, दोन स्ट्रोब आणि मोठा डोम (घुमटासारखं पोर्ट) हे सगळं जुळून यावं लागतं. "वाइड म्हणजे लांबून" हा समजही सोडा. पाण्यात वाइड लेन्स वापरतात ती कासवाच्या हातभर जवळ जाऊनही ते अख्खं मावावं म्हणून. टेलिफोटोने लांबचा मासा जवळ ओढलात तर सोबत सगळं निळं पाणी आणि कणही ओढले जातील.

३. चार रस्ते आणि कुणी कुठला धरावा

फोनचं हाउसिंग (जलरोधक कवच): स्नॉर्केलिंग किंवा कधीमधी डाइव्ह करणाऱ्यांसाठी ठीक. टचस्क्रीन पाण्यात चालत नाही, म्हणून हाउसिंगला बटणं असतात आणि ती ब्लूटूथने किंवा थेट दाबाने फोन चालवतात. तुमच्या फोनच्या मापाला आणि ॲपला ते जुळतं का, एवढं आधी पाहा. प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी हा पर्याय नाही.

ॲक्शन कॅमेरा: व्हिडिओ मुख्य असेल तर उत्तम. गोप्रोचे अलीकडचे हीरो ब्लॅक मॉडेल हाउसिंगशिवाय १० मीटरपर्यंत आणि कंपनीच्या डाइव्ह हाउसिंगमध्ये ६० मीटरपर्यंत चालतात. वाइड दृश्यं छान येतात, पण बारीक जीव नीट टिपता येत नाहीत, आणि स्थिर फोटोवर तुमचा ताबा मर्यादित राहतो.

कॉम्पॅक्ट: नवख्यासाठी माझी पसंती इथेच. ओएम सिस्टिमचा टफ टीजी-७ हाउसिंगशिवाय १५ मीटरपर्यंत आणि हाउसिंगसह ४५ मीटरपर्यंत जातो, रॉ फाइल (प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) देतो, आणि त्याच्या मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून अगदी एका सेंटिमीटरवर फोकस होतो. हाउसिंगमध्ये पाणी शिरलं तरी कॅमेरा स्वतः जलरोधक असल्यामुळे वाचण्याची शक्यता बरीच असते. नुसत्या याच गुणामुळे पहिल्या वर्षी झोप नीट लागते. ज्यांना ओ-रिंगची (झाकण पाणीबंद ठेवणाऱ्या रबराच्या कडीची) कटकटच नको त्यांच्यासाठी सीलाइफ मायक्रो ३.० सारखे कायमचे सीलबंद कॅमेरेही आहेत. त्यात उघडायला झाकणच नाही, पण बॅटरी आणि मेमरीही बदलता येत नाही.

मिररलेस किंवा डीएसएलआर (लेन्स बदलता येणारे कॅमेरे): दर्जा निर्विवाद वरचा. फक्त बॉडीची किंमत म्हणजे एकूण खर्च, असं धरू नका. हाउसिंग, पोर्ट, स्ट्रोब आणि तो धरणारे हात यांची बेरीज बॉडीच्या पुढे सहज जाते. जमिनीवर तुमच्याकडे असा कॅमेरा आधीच असेल आणि वर्षभर नियमित डाइव्ह होत असतील, तरच इकडे वळा.

जुन्या बाजारात कधी निकोनॉस दिसेल. निकॉनने १९६३ साली आणलेली, हाउसिंगशिवाय पाण्यात जाणारी ही फिल्म कॅमेऱ्यांची मालिका २००१ पर्यंत चालली. देखणी वस्तू आहे, पण एका डाइव्हला ३६ फोटो आणि चुका कळणार रोल धुतल्यावर. शिकायला नको. कपाटात ठेवायला घ्या.

४. कॅमेरा घेण्याआधी हाउसिंग शोधा

हाउसिंग म्हणजे कॅमेऱ्याभोवतीचं जलरोधक कवच, आणि ते सहसा एकाच मॉडेलसाठी घडवलेलं असतं. कॅमेऱ्याचं नवं मॉडेल आलं, एखादं बटण दोन मिलिमीटर सरकलं, की जुनं हाउसिंग निरुपयोगी ठरू शकतं. म्हणून क्रम उलटा ठेवा: आवडलेल्या कॅमेऱ्याला हाउसिंग आहे का, ते आज मिळतंय का, त्याचे सुटे भाग आणि दुरुस्ती आपल्या आवाक्यात आहे का, हे पाहून मगच बॉडीला हात घाला. थोडं जुनं मॉडेल घेणं इथे शहाणपणाचं असतं, कारण त्याचं हाउसिंग बाजारात आलेलं असतं आणि त्याचे गुणदोष लोकांनी वापरून सांगितलेले असतात.

प्लॅस्टिक की ॲल्युमिनियम? आयकेलाइटसारख्या कंपन्यांची पॉलिकार्बोनेट हाउसिंग्ज हलकी आणि तुलनेने स्वस्त असतात आणि साधारण ६० मीटरपर्यंत चालतात. शिवाय ती पारदर्शक असली की आत थेंब शिरला तर लगेच दिसतो, हा फायदा लोक विसरतात. नॉटिकॅमसारखी ॲल्युमिनियमची हाउसिंग्ज सहसा १०० मीटरपर्यंतची असतात, आटोपशीर असतात, बटणं बोटांखाली नेमकी येतात, आणि धातू उष्णता लवकर बाहेर सोडतो म्हणून आत वाफ कमी धरते. हौशी डायव्हरला १०० मीटरची गरज नाही. तुम्ही जादा पैसे मोजता ते बटणांसाठी.

दुकानात हाउसिंग हातात घेतल्यावर हे करून पाहा. हातमोजे घाला. डोळ्यावर मास्क चढवा. आता शटर, ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) आणि फोकस-पॉइंट हलवणं या चार गोष्टी न चाचपडता होतात का? स्क्रीन पूर्ण दिसते का? नुसतं शटर दाबता येणं पुरेसं नाही. पाण्यात सतत बदलावं लागतं ते ॲपर्चर आणि फ्लॅशची ताकद.

एक जोड मात्र आवर्जून घ्या: व्हॅक्यूम चाचणी. हाउसिंग बंद करून छोट्या पंपाने आतली थोडी हवा काढायची. दाब टिकला तर हिरवा दिवा, निसटला तर लाल. जमिनीवर, कोरड्या जागी, गळती आधीच कळते. पंप मारून निदान अर्धा तास थांबा, बारीक गळती लगेच दिसत नाही. नुसता ओलाव्याचा सेन्सर म्हणजे वेगळी गोष्ट, तो पाणी आत आल्यावर वाजतो.

५. पोर्ट: सपाट की घुमट

हाउसिंगची पुढची काच म्हणजे पोर्ट. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्यामुळे सपाट काचेतून सगळं सुमारे एक तृतीयांश मोठं दिसतं आणि दृश्याचा कोन आक्रसतो. मॅक्रोला हे पथ्यावर पडतं, म्हणून मॅक्रोसाठी सपाट पोर्ट. वाइडला तेच मारक. कोन अरुंद होतो, कडांवर रंगांच्या रेघा येतात. तिथे घुमटासारखा डोम पोर्ट लागतो, तो कोन पुन्हा पूर्ववत करतो.

डोमची एक खोड माहीत असू द्या. त्यातून दूरवरचं दृश्यही लेन्सला अगदी जवळ दिसतं, काचेपासून डोमच्या त्रिज्येच्या साधारण तिप्पट अंतरावर. त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर क्षितिजही ३० सेंटिमीटरवर आल्यासारखं. म्हणजे जवळ फोकस न होणारी लेन्स डोममागे कुचकामी. फिशआय (अतिशय रुंद दृश्य टिपणाऱ्या) लेन्स अगदी जवळ फोकस करतात, म्हणून पाण्याखाली त्यांना एवढा मान आहे. फुल-फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) कोपरे धूसर येत असतील तर एफ/८ ते एफ/११ पर्यंत ॲपर्चर लहान करा. अर्धं पाणी, अर्धं आकाश अशा फोटोंसाठी मोठा डोम हवा.

कॉम्पॅक्टवाल्यांना याला सोपा पर्याय आहे: वेट लेन्स. सपाट पोर्टच्या बाहेर, बहुतेकदा ६७ मिलिमीटरच्या आट्यांवर बसणारी ही लेन्स पाण्यातच लावता-काढता येते. एकाच डाइव्हला कासवही आणि कोळंबीही. पाण्यात उतरल्यावर ती जरा सैल करून मधले हवेचे बुडबुडे निघू द्या, नाहीतर सगळ्या फोटोंत गोल डाग.

६. उजेड: पैसे इथे टाका

बजेट तुटपुंजं असेल तर साधा कॅमेरा आणि चांगला स्ट्रोब घ्या. उलट कधीच नको.

लाल फिल्टर स्वस्तात पडतो म्हणून आधी त्याकडे नजर जाते. तो लाल रंग आणत नाही, निळा-हिरवा अडवून तोल साधतो, आणि त्यात उजेडही खातो. साधारण ५ ते १५-२० मीटरमध्ये, सूर्य पाठीशी असताना, व्हिडिओसाठी तो कामाचा आहे. त्याहून खाली आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हिरवट पाण्यात लालऐवजी मॅजेंटा फिल्टर लागतो. आणि स्ट्रोब किंवा दिवा लावलात की फिल्टर काढून टाका, नाहीतर समोरचं सगळं लालभडक होईल.

व्हिडिओ लाइट की स्ट्रोब? व्हिडिओला सतत जळणारा दिवाच लागतो. फोटोला मात्र स्ट्रोब. त्याचा झोत क्षणाच्या छोट्याशा अंशात इतका प्रखर पडतो की मोठ्या व्हिडिओ लाइटचे हजारो लुमेनही त्याच्यापुढे फिके. हालचालही गोठते. दोन्ही हवंच असेल तर एक स्ट्रोब आणि एक छोटा फोकस लाइट असं जमवा. फोकस लाइटला लाल प्रकाशाची सोय असली तर रात्री उत्तम, बरेच समुद्री जीव लाल उजेडाने बुजत नाहीत.

स्ट्रोब घेताना आकड्यांआधी हे पाहा: तो पेटणार कसा? सोपा मार्ग ऑप्टिकल फायबरचा. कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा झोत तारेतून स्ट्रोबपर्यंत जातो, पाण्यात वीज नाही, जोडणीतून गळती नाही. पण बऱ्याच मिररलेस बॉडींना अंगचा फ्लॅशच नसतो. तिथे हाउसिंगच्या आत बसणारा, स्ट्रोबला इशारा देणारा एलईडी ट्रिगर वेगळा घ्यावा लागतो, आणि ही गोष्ट लोकांना बहुधा स्ट्रोब घरी आल्यावर कळते. दुसरा मार्ग विजेच्या सिंक केबलचा, त्याच्या टोकाच्या ओ-रिंगही जपाव्या लागतात.

स्ट्रोबची पोच अपेक्षेपेक्षा कमी असते. त्याचा प्रकाश विषयापर्यंत जातो आणि परत लेन्सपर्यंत येतो, म्हणजे मीटरभर लांबचा मासा रंगाच्या हिशेबात दोन मीटरवर. व्यवहारात मीटर-दीड मीटरच्या पुढे रंगांची आशा सोडा.

पहिल्यांदा एकच स्ट्रोब घ्या, पण ट्रे (कॅमेरा आणि स्ट्रोब बसवायची पट्टी) असा घ्या की उद्या दुसरा बसेल. झोत थेट समोर रोखू नका. स्ट्रोब बाजूला, लेन्सच्या थोडा मागे ठेवून किंचित बाहेर वळवा, म्हणजे झोताची नुसती कड विषयावर पडते आणि मधले कण उजळत नाहीत. फोटोभर बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात ते याच कणांचे. बॅकस्कॅटर म्हणतात त्याला. अंगचा फ्लॅश लेन्सला खेटून असल्यामुळे तो हे ठिपके हमखास आणतो. त्याला झाकून फक्त फायबरपुरता वापरा.

७. ट्रे, हात आणि वजन

ट्रेवर कॅमेरा, ट्रेला मुठी, मुठींवर बॉल-जॉइंटचे हात, हातांच्या टोकाला स्ट्रोब. बॉलचं माप एक इंची घ्या, सगळ्यात जास्त सामान त्याला बसतं.

जमिनीवर जड वाटणारं सामान पाण्यात हलकं होतं खरं, पण बहुतेक सेट तरीही बुडतात. मनगट तासाभरात बोलू लागतं. फोमचे किंवा पोकळ तरंगते हात लावून सेट किंचित जड राहील इतका तोल साधा. पूर्ण तरंगणारा सेट हातातून सुटला तर वर निघून जातो, आणि त्यामागे धावत वर जाणं तुमच्यासाठी धोक्याचं आहे. कॅमेरा बीसीडीला (हवा भरून तरंगायला मदत करणाऱ्या जॅकेटला) क्लिपच्या दोरीने जोडलेला हवा, नुसता मनगटाला नको. दोन्ही हात मोकळे करावे लागतील अशी वेळ कधीही येते.

८. ओ-रिंग

रबराची एक बारीक कडी, आणि सगळं तिच्यावर.

- प्रत्येक वेळी उघडल्यावर कडी आणि तिची खाच दोन्ही तपासा. एक केस, वाळूचा एक कण पुरतो.
- काढताना टोकदार धातू वापरू नका. बोटाने किंवा सोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या चिमट्याने काढा.
- ग्रीस कंपनीने सांगितलेलंच, आणि नुसती चकाकी येईल इतकंच. ग्रीस पाणी अडवत नाही, कडी सरकती ठेवतं. थर जाड झाला की उलट कचरा धरतो.
- वर्षातून एकदा बदला. एक जादा जोडी कायम सोबत.

हाउसिंग बंद करायचं ते थंड, कोरड्या खोलीत, आदल्या रात्री. दमट हवा आत कोंडली तर खाली गेल्यावर काचेवर वाफ धरते. आत सिलिका जेलची पुडी टाका, पण ती कडीत अडकत नाही ना ते बघा.

९. पहिली बुडी कॅमेऱ्याशिवाय

नवं किंवा सर्व्हिसिंगहून आलेलं हाउसिंग आधी रिकामं न्या. आत टिशू पेपर ठेवा, खाली प्रत्येक बटण दाबून पाहा, वर आल्यावर कागद कोरडा आहे का बघा. गळती खोलवरच होते असं नाही. उलट दाब कडीला घट्ट बसवतो, आणि पुष्कळदा पाणी शिरतं ते पहिल्या एक-दोन मीटरमध्ये. म्हणून उतरल्यावर दोन मिनिटं तिथेच थांबून बुडबुडे निघतात का ते पाहा.

कॅमेरा घेऊन पाण्यात उडी मारू नका. आधी तुम्ही उतरा, मग बोटीवरून कुणी हातात देईल. आत पाणी दिसलंच तर पोर्ट खाली करून धरा, म्हणजे पाणी बॉडीपासून दूर साचतं, आणि नेहमीच्याच वेगाने, सेफ्टी स्टॉप (वर येताना उथळ पाण्यात काही मिनिटं थांबणं) घेऊन वर या. बाहेर आल्यावर आधी बॅटरी काढा. चालू होतो का ते बघायचा मोह आवरा.

डाइव्ह झाली की गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि सगळी बटणं दाबत राहा, नाहीतर मीठ आत सुकून ती अडकतात. बोटीवरच्या सामाईक टबात मात्र सामान सोडून जाऊ नका. तिथे एकावर एक कॅमेरे आपटतात आणि क्लिपा उघडतात.

१०. बॅगेत काय असावं

- जादा ओ-रिंग, ग्रीस, धागे न सुटणारं कापड
- व्हॅक्यूम पंप आणि सिलिका जेल
- ॲलन-की संच, कारण ट्रेचे स्क्रू डाइव्हच्या सकाळीच ढिले होतात
- स्ट्रोबसाठी चार्ज होणारे एनआयएमएच एए सेल, दोन संच. लिथियम सेल चालतात का ते स्ट्रोबच्या पुस्तिकेत पाहा
- डोमचं मऊ कव्हर
- जादा फायबर केबल, ती तुटते

विमानाने जात असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच ठेवाव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची संमती लागते. मोठ्या व्हिडिओ लाइटची बॅटरी इथे अडकू शकते, तिच्यावरचा आकडा आधी वाचून ठेवा. हाउसिंग सीलबंद करून पाठवू नका, मुख्य ओ-रिंग काढून वेगळी ठेवा.

११. जुनं सामान घेताना

पैसे वाचवायची खरी जागा ही. ॲक्रिलिक डोमवरचे बाहेरचे बारीक ओरखडे पाणी भरून काढतं आणि पॉलिशही होतात, त्यांच्यापायी सौदा सोडू नका. आतल्या बाजूचे ओरखडे आणि काचेच्या डोमवरच्या खाचा मात्र फोटोत दिसतात. स्ट्रोबचा बॅटरीकप्पा उघडून बघा. पांढरे किंवा हिरवे डाग दिसले तर पाणी जाऊन आलंय. बटणांच्या आतल्या ओ-रिंग तुम्हाला बदलता येत नाहीत, म्हणून शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं ते विचारा आणि त्याची पावती मागा. पावती नसेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला. आणि कॅमेऱ्याची बॉडी त्या हाउसिंगसोबतच मिळत असेल तर दोन्ही एकदम घ्या. जुनी बॉडी नंतर शोधत बसणं फार जिकिरीचं होतं.